जुन्या यंत्रावर फुकटचा प्लेअर चढविल्याची हकीकत

श्री. वीज टिकावी, रेंज यावी, पासवर्ड आठवावा, इतुके मागणे मागून लेखणी हाती घेतली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास, वार रविवार, दुपारची जेवणे होऊन भांडी घासावयाची राहिली होती, ते समयीं एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. राज्य लहान. तिसरे मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्याची गॅलरी, इतकाच मुलूख. गादीवर भास्करराव महाराज. महाराजांचा कारभार चोख, आणि त्यांचा कायदा असा की ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीत बटण चालू नाही. पंखा असो, दिवा असो, चार्जर असो, स्वारी जाता येता भिंतीवरचे बटण बंद करीत जाई, आणि हे काम हात आपोआप करी, मनास खबर नसे. राणी वैजयंतीबाई. आणि एकुलती कन्या शाल्मलीबाईसाहेब, इयत्ता नववी, गुडघ्यांस बारमाही खपल्या. बाईसाहेबांची निवड जिल्ह्याच्या कबड्डी शिबिरास जाहली होती, दुसरे दिवशी सकाळी शाळेच्या दारातून गाडी निघणार होती, आणि येणार की नाही हे दिवेलागणीच्या आत खेळाच्या बाईंस कळविणे भाग होते, आणि महाराज काही केल्या हुकूम देईनात.

महाराज बडीशेप चघळीत बोलिले, "दोन दिवस खेळशील, गुडघे फोडून घेशील, मग सोडून देशील. आपल्या घरात कोणी खेळलंय का कधी?" तेव्हां राणीसाहेब ताटे उचलीत होत्या, त्या मागे न वळता म्हणाल्या, "मी खेळलेय. तालुक्याची फायनल खेळलेय." महाराज हसले, आणि म्हणाले, "तू? तू आणि कबड्डी? अगं, तू रिक्षावाल्याशी सुद्धा मोठ्याने बोलत नाहीस." राणीसाहेबांनी हुज्जत घातली नाही. हात पुसले, कपाटाच्या वरल्या खणातून लग्नाच्या शालूखालून एक सीडी काढली आणि टेबलावर ठेविली, आणि भांडी घासावयास निघून गेल्या. सीडी पाहून बाईसाहेबांस दहा हत्तींचे बळ आले. परंतु सीडी लावणार कोठे? टीव्हीखालचा सीडीचा डबा भंगारात गेलेला, शेजारच्या राज्यांतील लॅपटॉपांस सीडीचे खणच राहिले नाहीत, उरला तो कोपऱ्यातला जुना संगणक, ज्याजवर विणलेला रुमाल आणि रुमालावर इस्त्रीचे कपडे असत. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम इतुकी वृद्ध की ज्यांनी घडविली त्यांनीही तिचा हात सोडून जमाना लोटला. मग कपडे उतरविले, बटण दाबले, आणि यंत्र कण्हत कण्हत जागे जाहले, आणि खण उघडेना म्हणून बाईसाहेबांनी सेफ्टी पिन खुपसून तो उघडविला, आणि सीडी आत गेली, आणि यंत्रातील मूळच्या प्लेअराने ती चालविली. तो काय चमत्कार! पडदा काळाकुट्ट, आणि काळोखातून सनई वाजू लागली.

महाराजांस हसू आवरेना. "ही कोणाच्या तरी लग्नाची सीडी आहे," ऐसे म्हणाले. राणीसाहेब मोरीतूनच बोलल्या, "मॅच आहे ती." "मग सनई कशी?" "शूटिंगवाला लग्नाचा होता. त्याने टाकली." "कबड्डीच्या मॅचला सनई! वा! मग अक्षता पण टाकल्या असतील." राणीसाहेबांनी नळ मोठा सोडिला. बाईसाहेबांचे तोंड उतरले. चित्र दिसल्यावाचून आईचा शब्द खरा होत नव्हता, आणि आईचा शब्द खरा जाहल्यावाचून शिबिर मिळत नव्हते, आणि घड्याळ तर चाललेच होते.

मग परमुलुखी संगणकाची चाकरी करणारे सुहासमामा, राणीसाहेबांचे बंधू, यांजकडे फोन गेला. मामा रविवारचे झोपले होते. जांभई देऊन म्हणाले, "शाल्मे, आवाज येतो आणि चित्र नाही म्हणजे तुमचा प्लेअर म्हातारा झालाय. तो फुकटवाला टाक, नारिंगी शंकूचा. काहीही चालवतो तो." बाईसाहेबांनी मोबाईलचे नेट यंत्रास जोडिले आणि शंकूच्या मुलुखाकडे स्वारी केली, तो वेशीवरच पाटी लागली की ही जागा सुरक्षित नाही, मागे फिरा. दुसऱ्या वाटेने गेल्या, तेथेही तीच पाटी. पुन्हा फोन. "मामा, कुठेच आत घेत नाहीत." "कॉम्प्युटरात साल किती दाखवतंय?" "दोन हजार नऊ." "मग बरोबर आहे. तुझा जन्म व्हायचाय अजून. तुला कोण आत घेणार?" यंत्राच्या पोटातील सेल मेला होता, म्हणोन काळ मागे जाऊन बसला होता. मग बाईसाहेबांनी साल पुढे आणिले, आणि वेस उघडली, आणि आत जाऊन नवा कोरा प्लेअर उतरविला, आणि त्याने यंत्राकडे एकवार पाहून सांगितले की इतक्या जुन्या सिस्टिमवर आपण पाय ठेवीत नाही. झाले. नव्याने जुन्यास झिडकारिले. मग जुना प्लेअर शोधावयाचा, तो शोधता शोधता एके ठिकाणी भले थोरले हिरवे बटण दिसले, आणि त्याजवर लिहिले होते की येथेच दाबा, आणि बाईसाहेबांनी दाबिले. तेथे दगा जाहला. प्लेअर आला नाही. राशिभविष्य आले, वजन घटविण्याचा काढा आला, आणि एक बाई डोळे मिचकावीत पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसली ती उठेना. महाराज चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "ही आहे का तुझ्या आईच्या टीममध्ये?" बाईसाहेबांचे डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत, फक्त नाक ओढून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही पेपर वाचा ना."

मग त्या बाईस हुसकाविण्यात बराच काळ गेला. एकीकडून काढावी तो दुसरीकडून उभी राही. मामा फोनवर सांगत, बाईसाहेब करीत, यंत्र विचार करी. यंत्राचा विचार म्हणजे काय सांगावे. एक खिडकी उघडावयास सांगावे आणि तेवढ्यात डोकीस तेल लावून वेणी घालून यावे. अखेर बाई गेली, आणि मामांनी वाट दाविली की शंकूवाल्यांच्या आपल्या घरीच जुन्या प्लेअरांचे कोठार आहे, तेथूनच उचल, वाटेत कोणाच्या हिरव्या बटणास हात लावू नको. "आणि बत्तीस बिटवाला घे, चौसष्टचा त्याला झेपायचा नाही." "बरं." "जेवलीस का?" "जेवले." "मग आवाज असा काय मेल्यासारखा?" "दमले हो मामा." कोठार सापडले. प्लेअर उतरू लागला. थेंब थेंब उतरत होता, पण उतरत होता, आणि पट्टी हिरवी होत होत निम्म्याच्याही पुढे गेली, आणि बाईसाहेबांची तहानेने जीभ टाळूस चिकटली होती, म्हणोन त्या उठून पाणी पिण्यास गेल्या. एक भांडे पाणी. इतकेच. परत येतात तो पडदा काळा, पंखा थांबलेला, आणि महाराज दाराबाहेर पडत आहेत.

"बाबा! तुम्ही बटण बंद केलंत?"

"कोणी नव्हतं तिथे," महाराज बोलिले, आणि बोलताना त्यांस समजले आपण काय केले, आणि कायदा आपलाच म्हणोन मागे घेता येईना. बाईसाहेब जमिनीवर बसल्या, पाय पसरले, आणि भिंतीस डोके टेकून राहिल्या. ओरडण्याइतके त्राणच उरले नव्हते. म्हणाल्या, "जाऊ दे. बाईंना सांगते नाही येत म्हणून." हे शब्द राणीसाहेबांनी ऐकिले. त्या पदरास हात पुशीत बाहेर आल्या, त्यांनी भिंतीवरचे बटण चालू केले, खुर्ची ओढिली आणि यंत्रापुढे ठाण मांडून म्हणाल्या, "ऊठ. काय करायचं ते सांग. मी इथनं हलत नाही." मग यंत्र पुन्हा कण्हत उठले, आणि काळ पुन्हा दोन हजार नऊवर जाऊन बसला होता, आणि बाईसाहेब पुन्हा न जन्मलेल्या जाहल्या होत्या, तो पुन्हा पुढे आणिला, पुन्हा वेस, पुन्हा कोठार, पुन्हा थेंब थेंब. राणीसाहेब माउसवर पंजा घट्ट रोवून बसल्या. "आई, हात काढलास तरी चालेल गं. आपोआप होतंय ते." "राहू दे. काढला आणि गेलं तर?" चहाची वेळ टळली. चहा महाराजांनी केला. साखर दुप्पट पडली होती, पण तिघांनीही तो प्याला. प्लेअर उतरला, यंत्रावर चढला, आणि नारिंगी शंकू पडद्यावर उभा राहिला तेव्हां कोणी जयजयकार केला नाही, कारण तिघांच्याही माना दुखत होत्या.

सीडी लाविली. सनई वाजली, आणि या खेपेस काळोख फाटून पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या, आणि पाकळ्यांच्या महिरपीत शाळेचे मैदान, धुळीचा लोट, आणि सात मुली निळ्या पोशाखात. मधली कोण? दोन वेण्या, दंड पिळदार, मांडीवर थाप मारून चढाईस निघालेली. महाराज पुढे सरकले. "ही... ही तू?" राणीसाहेब म्हणाल्या, "दुसरी कोण असणार?" शेवटची चढाई होती, राणीसाहेबांचा संघ एका गुणाने मागे. ती वेण्यांची मुलगी आत शिरली, आणि तिघींनी तिला कमरेस, घोट्यास, मांडीस धरिले, आणि ती तिघींना ओढीत मध्यरेषेकडे सरपटत आली, आणि हात लांबविला, आणि शिट्टी वाजली, आणि पंचाने बाद दिले. हरल्या. एवढा खटाटोप करून पुरावा काय निघाला, तर हार! आता महाराज काय म्हणतील ते बाईसाहेबांस ठाऊकच होते. तो पडद्यावर ती मुलगी उठली, गुडघ्यातून रक्त चाललेले, तशीच पंचापाशी गेली आणि त्याच्या नाकासमोर बोट नाचवून काहीबाही बोलू लागली. सनईमुळे शब्द ऐकू येईनात, पण गळ्याच्या शिरा दिसत होत्या. वरून पाकळ्या पडतच होत्या.

महाराजांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणिला. मग म्हणाले, "मागे घे जरा. हळू करता येतं का हे?" येत होते. त्या प्लेअरात एकेक चित्र पुढे सरकविण्याची सोय होती, आणि महाराजांनी बाईसाहेबांच्या हातून माउस घेतला, आणि नाक पडद्यास लावून एकेक चित्र सरकवीत राहिले, हात आला, बोटे आली, धूळ उडाली, आणि एकदम महाराज गरजले, "लागलाय! अगं, हे बघ, रेषेला लागलाय हात! शिट्टीच्या आधी! पंच आंधळा होता काय? तीन गुण होते तिथे, तीन! जिंकला होतात तुम्ही!" बाईसाहेबांनी महाराजांस कोणत्याही कारणे इतुके तापलेले पाहिले नव्हते. राणीसाहेब कुकरला तांदूळ लावण्यास उठल्या होत्या. दारात थांबून म्हणाल्या, "तेच सांगत होते त्याला. कोणी ऐकलं नाही." आणि आत गेल्या. महाराजांनी माउस सोडिला. मग घसा खाकरून, पडद्याकडेच पाहत, बाईसाहेबांस म्हणाले, "फोन लाव तुझ्या बाईंना. दिवे लागायच्या आत सांगायचंय ना? आणि तिथे पंच कोण आहेत ते पण विचार."

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. प्लेअर फुकट मिळाला आणि सबंध रविवार घेऊन गेला, हुकूम निघाला, पंचाचा निकाल मात्र होता तोच आहे, तो फिरविण्याची सोय कोणत्याही प्लेअरात नाही. राणीसाहेब जेवून लवकर निजल्या. शिबिराची पिशवी भरावयाची आहे, सकाळी उठणे आहे, सबब लेखनसीमा येथेच.