शिवकांतचे शंभर रसिक

"लोकं म्हणतेत, गाण्याला आता कोण पैसे देतंय. देतेत! गाणं तसं पाहिजे फक्त," असं शिवकांतने मानवतच्या बसस्टँडसमोर, आपल्या झेरॉक्सच्या दुकानात जाहीर केलं, तेव्हा दुकानात एकच माणूस होता, आणि तो आधार कार्डाची प्रत काढायला आला होता. त्याने मान डोलावली आणि मागची बाजू उलटी आलीय, तेवढी नीट करून द्या म्हणाला.

शिवकांतला चाली सुचायच्या त्या या झेरॉक्सच्या यंत्रापुढेच. हिरवट उजेड काचेखालून इकडून तिकडे सरकायचा, घूंऽऽ असा एक सूर लागायचा, आणि शिवकांतचे डोळे अर्धे मिटायचे. मग दुकान राहायचं बाजूला. दुधना नदीच्या पाण्यावर संध्याकाळ उतरतेय, गुरं घराकडे निघालीत, कुणीतरी कुणाला तरी थोपटून निजवतंय, असं काहीबाही त्याला दिसायला लागायचं. एकदा एका बाईला रेशनकार्डाच्या दोन प्रती हव्या होत्या. शिवकांतचा अंतरा जमून आला तोवर बत्तीस निघाल्या. बाई बिचारी थांबून राहिली. तिला वाटलं, सरकारला एवढ्याच लागत असतील.

वीस वर्षांत अशी आठ गाणी झाली. सगळी झोपेची. परभणीला जाऊन त्याने ती पेटी-तबल्यावर नीट रेकॉर्ड करून घेतली आणि 'निजेची गाणी' असं साधं नाव ठेवलं. त्याची इच्छा एकच होती आणि ती तुम्हाला हसू येईल इतकी लहान होती. सोयरा नाही, शेजारी नाही, भजनी मंडळातला नाही, अशा एका तरी परक्या माणसाने खिशात हात घालून आपलं गाणं विकत घ्यावं आणि घरी जाऊन ऐकावं. फुकट ऐकणारे त्याला नको होते. फुकट तर लोक शेजारच्या पाण्याची मोटारही ऐकतात.

कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी अर्पिता हिने गाणी इंटरनेटवर चढवली. चाळीस रुपये भरायचे आणि आठही गाणी मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची. महिन्याभरात दोन गिऱ्हाइकं झाली. पहिलं स्वतः शिवकांत, पैसे भरले की गाणी खरंच उतरतात का ते बघायला. दुसरी त्याची बायको अनुपमा, कारण एकुलतं एक गिऱ्हाईक आपणच आहोत हे कळल्यापासून नवरा नीट जेवत नव्हता.

भजनी मंडळाच्या मन्मथअप्पांना मात्र शिवकांतचं फार कौतुक. सत्तरीचे अप्पा दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "गाणं लय गोड हाय रे शिवा. मला पाठव की मोबाइलवर."

"अप्पा, चाळीस रुपये भरले की आपोआप उतरतंय."

"ते कामून? तू उतरवून घेतलंस न्हवं? मग तुझ्यातलं माझ्यात टाक. तुझं काय कमी व्हायलंय त्यानं?"

"पण अप्पा, एके काळी तुमी परभणीहून पैसे देऊन कॅसेटी आणायचे की!"

"ती कॅसेट होती," अप्पा शांतपणे म्हणाले. "हातात यायची. कपाटात लावली की पाव्हण्याला दिसायची. कोणी नेली तर भांडता यायचं. ह्याच्यावरून भांडू कसं?"

शिवकांत त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेला. माणूस पैसे देतो ते ज्यावरून भांडता येईल अशाच वस्तूला, हे ज्ञान त्याला झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात तीनशे सीडी तयार होऊन आल्या. एका बाजूला नाव छापलेलं, दुसरी बाजू आरशासारखी, आणि वरून शिवकांतचा फोटो छापलेलं पुठ्ठ्याचं पाकीट.

"अहो, सीडी लावायचं यंत्र आपल्याच घरात न्हाई," अनुपमा म्हणाली. "लोकं काय ताटात घेऊन ऐकतील?"

"खरा रसिक यंत्र हुडकून काढतो," शिवकांत म्हणाला, आणि त्याने सीडी काउंटरवर मांडल्या. अकराच्या सुमाराला ऊन काउंटरपर्यंत यायचं आणि छतावर इंद्रधनुष्याचे गोल तुकडे पडायचे. ते बघत तो तास तास बसायचा. घेत कुणी नव्हतं, पण दिसायला फार सुंदर दिसत होतं.

आणि मग बन्सीधर आला. हा चारठाण्याकडचा शेतकरी, कापूस घालायला मानवतला आलेला. सातबाऱ्याची प्रत निघेपर्यंत त्याने एक सीडी पाकिटातून काढली, उलटी केली, उन्हात धरून थोडी हलवली. उजेडाचा कवडसा समोरच्या पत्र्यावर धावला आणि तिथलं कबूतर भर्रकन उडालं. बन्सीधर समाधानाने हसला.

"चमक बेस हाय. उन्हावाऱ्यात टिकतेत का?"

"जन्मभर," शिवकांत म्हणाला. "आठ गाणी हायेत. माझीच."

"आसू द्या," बन्सीधर समजूतदारपणे म्हणाला. "मदी भोक हाय ते एक बरं झालं. साठ द्या."

"साठ?"

"पसारा मोठा हाय आमचा. जागोजाग लागंल."

शिवकांतच्या डोळ्यांपुढे चार भावांचं, बारा खोल्यांचं, गाण्यावर जीव टाकणारं घर उभं राहिलं. एखादं गाणं ऐकून तर बघा, असं त्याने सुचवलं, पण टेम्पो थांबलाय, त्याची काय गरज न्हाई, असं म्हणून बन्सीधरने पैसे दिले आणि गठ्ठा काखेत मारला. न ऐकता एवढा विश्वास! शिवकांतने असा माणूस आजवर पाहिला नव्हता.

चार दिवसांनी बन्सीधरचा फोन आला. "लय फरक पडला बघा. शेजारचे बी मागायलेत. आजून चाळीस टेम्पोवाल्यापाशी द्या."

"घरी आवडल्या का?" शिवकांतने भीतभीत विचारलं.

"आई तर लय खुश हाय. पहिलं दिवसभर वरडून वरडून घसा बसायचा तिचा. आता पाठ टेकता येती जरा."

फोन ठेवला तेव्हा शिवकांतचे डोळे भरून आले होते. कुठली कोण म्हातारी, कसल्या दुखण्याने दिवसभर ओरडत होती, आणि आपल्या गाण्याने तिला पाठ टेकता आली. तो यंत्रापुढे बसला. हिरवा उजेड सरकत होता आणि त्याला चारठाणा दिसत होतं. संध्याकाळ झालीय, घराघरात दिवे लागलेत, जुन्या देवळाच्या खांबांपर्यंत आपलाच आवाज हळूहळू पसरत चाललाय, आणि शंभर उंबऱ्यांवर शंभर माणसं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटतायत. गिऱ्हाइकाने तीनदा हाक मारली, तेव्हा सातव्यांदा निघालेली प्रत त्याने बाहेर काढली.

पुढच्या रविवारी तो रसिकांना भेटायला निघाला. सीडीवर सही करायला सोनेरी शाईचं पेन घेतलं. म्हातारीसाठी एक शाल घेतली.

"फोन करून जावा," अनुपमा म्हणाली.

"रसिकांकडं फोन करून जात नसतेत," शिवकांत म्हणाला, आणि सेलूच्या एसटीत बसला. सेलूहून चारठाणा. वाटेत थंडीच्या दिवसांतलं कोवळं ऊन खिडकीतून मांडीवर पडलं होतं आणि सह्या करून हात दुखले तर काय, या विचारात त्याला छान डुलकी लागली.

गावात उतरल्यावर त्याने कान टवकारले. एका घरातून टीव्हीचा आवाज आला, दुसऱ्यातून मिक्सरचा. पारावरच्या माणसाला त्याने बन्सीधरचं घर विचारलं.

"घरी कोण न्हाई आता. समदे रानात हायेत. ते काय, तिकडं चमकायलंय ते शेत."

शिवकांत बांधाबांधाने गेला आणि थबकला. छातीएवढी ज्वारी, कणसांत दुधाळ दाणा भरलेला. शेतभर बांबू रोवून सुतळ्या ताणलेल्या, आणि सुतळ्यांना टांगलेल्या चकत्या वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. ऊन तुकड्यातुकड्याने कणसांवरून धावत होतं. सगळं रान डोळे मिचकावतंय असं वाटत होतं. इतकं देखणं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर, खरंच क्षणभर, त्याला वाटलं की ही आपल्या स्वागताची रोषणाई आहे. तेवढ्यात जवळची चकती फिरली आणि तिची छापलेली बाजू त्याच्याकडे झाली. 'निजेची गाणी. गायक: शिवकांत.'

त्याला सगळं एकदम कळलं. चमक, भोक, उन्हावाऱ्यात टिकणं, सगळं. पाखरं राखायला टांगलं होतं त्याला. शिवकांतला तिथंच बांधावर बसून रडावंसं वाटलं, आणि लाजही एवढी वाटली की कुणी बघायच्या आत परत फिरावं म्हणून तो वळलासुद्धा.

"कोण हाय?" वरून आवाज आला. शेताच्या मध्ये लाकडी माळा होता, त्यावर गोफण मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. "इकडं या की. पाखरं बुजावीत म्हणून लावलंय ते, माणसं कशाला बुजतेत?"

ही बन्सीधरची आई, बायनाबाई. तिला कसलंही दुखणं नव्हतं. पाखरांवर ओरडायचं काम होतं तिचं, पन्नास वर्षांचं. शिवकांत माळ्यावर चढला आणि खरं तेच बोलला. "मावशी, ह्या चकत्यांत गाणी हायेत. माझी."

बायनाबाईने एका चकतीकडे निरखून पाहिलं. "आसतील. वाऱ्यानं वाजतेत का?"

"न्हाई."

"मोबाइलवर येतेत का?"

"येतेत. पण चाळीस रुपये पडतेत."

"मोबाइलातल्या गाण्याला पैसे?" बायनाबाईला त्याची दया आली. "ते तर हवेतलं हाय बाबा. हवेला कोण पैसे देतंय? तुमी आलाव तर आता तोंडानंच म्हणा."

शिवकांतने आधी खाकरून घेतलं, मग म्हटलं. पहिलं गाणं संपलं तेव्हा बायनाबाई गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. "आजून एक म्हणा," ती म्हणाली. दुसरं झालं. तिसऱ्याला ऊन ढगाआड गेलं, वारा पडला, चकत्या जागच्या जागी थांबल्या, आणि म्हातारी खांबाला टेकून झोपली. शिवकांतने शाल उलगडून तिच्या अंगावर घातली. सोयरी नाही, शेजारीण नाही, आणि आपल्या गाण्यावर कशी लेकरासारखी निजलीय! तिने पैसे दिलेले नाहीत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ती जागी होऊ नये म्हणून त्याने आवाज उतरवला, डोळे मिटले आणि चौथं गाणं घेतलं, मग पाचवं.

पाचव्याच्या शेवटी त्याला टाळ्या ऐकू आल्या. दुरून, दाट, न थांबणाऱ्या टाळ्या. गाव जमलं असावं, असं समजून त्याने नम्रपणे डोळे उघडले.

भोरड्यांचा थवा शेतावर उतरला होता. हजार तरी असतील. कणसाकणसाला दोन दोन लोंबत होत्या, पंखांचा सडसडाट चालला होता, आणि एक तर त्याच्याच सीडीच्या सुतळीवर बसून चोच पुसत होती. बांधावरून बन्सीधर हाऽऽ हाऽऽ करत धावत येत होता. बायनाबाई दचकून उठली आणि उठल्या उठल्या गोफण फिरवली. दगड शिवकांतच्या कानाजवळून गेला. शिवकांतने माळ्यावरून उडी टाकली आणि सोनेरी पेन हवेत फिरवत, ज्वारीतून वाट काढत, घसा फाटेस्तोवर ओरडत सुटला. अर्ध्या तासाने पाखरं गेली. शिवकांतचा आवाजही गेला.

दोन पट्ट्यांमधली कणसं रिकामी झाली होती. शिवकांतने हात जोडले, पण बन्सीधर भला माणूस. दारी आलेल्याला वाईट बोलावं हे त्याच्याच्याने होईना. त्याने उरलेल्यातलाच हुरडा भाजून शिवकांतला खाऊ घातला. आगटी पेटवायला सीडीची पाकिटं होतीच, फोटोसकट.

"पण झोप लय गोड लागली बाबा," बायनाबाई शाल चाचपत म्हणाली. "दिवसा डोळा लागून किती साल झाले, ध्यानात न्हाई."

शिवकांत घरी आला तो घसा बसलेला आणि कपड्यांना कुसळं लागलेली, पण चेहरा असा की अनुपमाने आधी पाणीच दिलं.

"एकीनं ऐकलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"अन् बाकी नव्व्याण्णव?"

"ते कामाला लागलेत."

आठवड्याभराने दुकानात फोन वाजला. बन्सीधर होता. इकडचं तिकडचं विचारून झालं, आई शाल अंगावेगळी करत नाही हे सांगून झालं, आणि मग तो जरा चाचरत म्हणाला, "आजून पन्नास पाहिजेत. पण ह्या टायमाला कोऱ्या द्या."

"कोऱ्या?"

"म्हणजे गाणं न भरलेल्या. राग धरू नका. त्या दिवशी तुमचं गाणं चालू झालं अन् पाखरं खाली उतरली. आई न्हाई म्हणती, पण इषाची परीक्षा कशाला बघायची? अन् गाणं नसल्यावर जरा स्वस्त बी पडतील न्हवं?"

शिवकांतने काउंटरकडे पाहिलं. उरलेल्या दोनशे सीडी उन्हात चमकत होत्या, यंत्राचा सूर लागला होता, आणि छतावर रंग हलत होते.

"भाव तोच पडंल," तो म्हणाला. "गाणं त्यात फुकटच होतं."