सातबाऱ्याच्या पाठीवर चिमणी

"आबा, न्हाय म्हनू नका," अनितानं दारातूनच सांगितलं. खांद्याला पर्स, पायात चप्पल, आणि अंगणवाडीची किल्ली तिनं हातात पुढं धरलेली. म्हणजे नाही म्हणायची वेळ निघून गेली होती.

सावळाराम गाईपुढं वैरण टाकत होता. "काय झालं?"

"बारामतीला मीटिंग लावलीया. मेसेज आत्ता आला. मदतनीस न्हाय माझ्याकडं, मग पोरं कुणावर सोडू? दुपारपतुर सांभाळा. खिचडी झाकून ठिवलीया. आज कलेचा तास हाय, तेवढी चित्रं काढून घ्या, एक फोटो ग्रुपवर टाका, की झालं."

मदतनीस नव्हती, कारण मदतनीस म्हणजे सावळारामची बायको कुशाबाई होती. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिची जागा अजून भरली नव्हती. बोलून गेल्यावर अनिताच्या ते ध्यानात आलं आणि ती खाली बघायला लागली. तिला वाईट वाटू नये म्हणून सावळाराम घाईनं म्हणाला, "जा तू. बघतो मी."

तसं त्याला दुसरं कामही नव्हतं. आदल्या दिवशी तो डेअरीवरच्या माणसाशी आणि गाईशी तेवढा बोलला होता. डेअरीवाला "फॅट कमी लागलं" म्हणाला होता. गाय काहीच म्हणाली नव्हती. रात्री त्यानं टीव्हीवरची मालिका बघितली. ती कुशाबाईची मालिका होती. ती गेली तरी मालिका संपली नव्हती, म्हणून तो बघत होता.

येत्या शनिवारी तिचं वर्षश्राद्ध होतं. अजित, त्याचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत होता. रविवारी त्याचा फोन आला होता. "आबा, ऑडिट हाय, जमंल असं वाटत न्हाय. तुमी उरकून घ्या." सावळाराम "बरं" म्हणाला होता. पण 'उरकून घ्या' हा शब्द चार दिवस झाले तरी त्याच्या डोक्यातून जात नव्हता. लेक शनिवारी आईच्या फोटोसमोर बसावा, एवढंच त्याला हवं होतं. आणि एवढंच मागायला तोंड उघडत नव्हतं.

अंगणवाडी त्याच्या घराला लागूनच. पोरं यायला अर्धा तास होता. रंगाच्या पेट्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली अनिताच्या पर्समध्ये. त्यानं फोन लावला तर बंद. फळ्यावर खडू होता. त्यानं एक गाय काढून बघितली. ती बाजेसारखी झाली. शिंगं काढल्यावर मोडक्या बाजेसारखी झाली. त्यानं ती पुसली.

कुशाबाईला असल्या गोष्टी विचाराव्या लागत नसत. पानं, फुलं, बांगड्यांचे तुकडे, कशातूनही ती पोरांना काहीतरी करून द्यायची. घरी येऊन सांगायचीही. सावळाराम तेव्हा जेवत असायचा, आणि जेवताना त्याला कमी ऐकू यायचं.

त्याला स्वतःला एकच गोष्ट उत्तम येत होती. सोसायटीत शिपाई म्हणून त्यानं हयात काढली होती. सही न येणाऱ्या सभासदाचा अंगठा धरायचा, शाईच्या पॅडवर टेकवायचा आणि कागदावर न फिसकटता उमटवायचा. निवृत्त झाला तेव्हा संचालकांनी त्याला शाल-नारळ दिला, आणि जुनं पॅड त्याचं त्यानंच आणलं. ते घरच्या कपाटात होतं. त्यानं शाईचे चार थेंब टाकले, जुन्या पेपरवर अंगठा उठवला आणि त्याला बॉलपेननं चोच आणि दोन पाय काढले.

चिमणी! निदान बाज म्हणून तरी कुणी ओळखली नसती. दोन अंगठे तिरके जोडले तर फुलपाखरू झालं. सावळाराम एकटाच हसला आणि आपण हसलो हे कळल्यावर दचकला.

आता कागद. कोरा कागद घरात नव्हता, पण सातबाऱ्याच्या झेरॉक्स होत्या. कुठल्याही कचेरीत गेलं की आधी सातबारा मागतात, म्हणून माणूस एकाला पाच काढून ठेवतो. पाठ कोरी आणि कागद चांगला जाड. त्यानं गठ्ठाच उचलला.

बारा पोरं आली. सावळारामनं सवयीनं त्यांची रांग लावली. पहिली आली शेजारच्या सिंधुबाईची नात छकुली.

"अंगठा सैल सोड. तू दाबू नगं, मी दाबतो."

"आबा, गुदगुल्या हुत्यात."

"मोठमोठी मान्सं हसत न्हवती अंगठा देताना. हं. बघ, आली का चिमणी?"

छकुलीनं बराच वेळ कागद बघितला. "हिला छत्री पायजे."

"कशाला?"

"ऊन हाय."

त्यानं छत्री काढून दिली. मग सगळ्यांच्याच चिमण्यांना काहीतरी पाहिजे झालं. कुणाच्या चिमणीला चप्पल, कुणाच्या चिमणीला मोबाईल. दादासाहेबांचा नातू युवराज मात्र हात मागं बांधून उभा राहिला.

"मला चिमणी नगं. ट्रॅक्टर पायजे."

"मग दोन अंगठं लागतील. दोन चाकं."

"घ्या की."

मधेच सावळारामच्या ध्यानात आलं की आपण मघापासून सारखं बोलतोय. घसा बसला होता.

शेवटी फोटो. "कागद वर धरा सगळ्यांनी! अंगठं दाखवा!" पोरांनी कागद वर धरले, पण प्रत्येकाला आपली चिमणी स्वतःला दिसायला हवी होती, म्हणून चित्र आपल्याकडं आणि छापील बाजू फोनकडं. चष्मा घरी राहिल्यामुळं सावळारामला एवढंच दिसलं, की पोरं आहेत आणि हसतायत. त्याच्या फोनवर एकच ग्रुप होता, सगळ्या गावाचा. त्यावर त्यानं फोटो टाकला आणि टाइप करता येत नसल्यामुळं खाली बोलून पाठवलं, "आजचं काम झालं. बाराच्या बारा पोरांचं अंगठं घेतलं. सगळी खूश हायत."

गावानं फोटो मोठा करून बघितला. सोसायटीचा सावळाराम, बारा पोरं, बारा जांभळे अंगठे, आणि प्रत्येकाच्या हातात सावळारामच्या नावाचा सातबारा.

पोरं घरी गेली आणि थोड्या वेळानं सिंधुबाई शेवयांची खीर घेऊन आली. वर्षभरात ती कुंपणापलीकडूनच "बरं हाय का भावजी" विचारत होती. आज आत येऊन खाली बसली.

"ग्रुपवर फोटो बघितला मी. भावजी, लई मोठं मन तुमचं."

"त्यात काय मोठं? पोरांचा विरंगुळा."

"आमच्या छकुलीला कमी-जास्त न्हाय ना केलं?"

"छे. सगळ्यांना सारखंच. युवराजचं तेवढं दोन अंगठं घेतलं."

सिंधुबाईचा चेहरा उतरला. "त्याला दोन का?"

"त्याला ट्रॅक्टर पायजे हुता."

"ट्रॅक्टर बी?" म्हणत सिंधुबाई उठली. खीर राहिली, ती गेली.

नंतर कुणी भाजी आणून दिली, कुणी गाईला मकवान टाकून गेलं. सावळारामला वाटलं, चित्रं चांगलीच आवडली दिसतायत. लोकांना कलेची एवढी कदर असेल हे त्याला माहीत नव्हतं.

मग युवराजचे आजोबा दादासाहेब आले. हा माणूस कुशाबाईच्या दहाव्यानंतर या दारात आला नव्हता. बसले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सावळाराम, पोरगं अज्ञान हाय. सातबाऱ्याला त्याचं नाव लागलं, तरी अज्ञान पालनकर्ता म्हणून माझं लावावं लागंल. तेवढं तलाठ्याला आत्ताच सांगून ठीव."

"कशाचं नाव?"

"आता माझ्यापाशी कशाला लपवतोस? सगळ्या गावाला म्हाईत झालंय. जमीन वाटलीस पोरांना. लेक बघत न्हाय म्हटल्यावर मानूस काय करील?"

सावळाराम उभा राहिला. "दादासाहेब, ती चित्रं हायत! अंगठ्याच्या चिमण्या! पाठीमागं बघा की कागदाच्या!"

दादासाहेबांनी डोळा मिचकावला. "व्हय, व्हय. भाईर आपन असंच सांगायचं. चिमण्या." जाताना त्यांनी सावळारामच्या खांद्यावर थोपटलं.

तेवढ्यात फोन वाजला. अजित.

"आबा, काय करून बसलाय तुमी? मला मित्राचा फोन आला!"

"अजित, ऐक, ती चिमण्यांची..."

"फोनवर काय बोलू नका. कुठंबी आनखी अंगठा देऊ नका. मी आन् माधवी निघालोय."

"शनिवारी?"

"आत्ता!"

फोन बंद झाला. सावळारामनं लगेच परत लावायला म्हणून नंबर काढला. एका वाक्याचं काम होतं. गाडी अजून सासवडलाही पोचली नसेल. त्यानं अंगठा बटणावर नेला. लोकांचे अंगठे धरण्यात जन्म गेला, पण स्वतःचा अंगठा एवढा जड त्याला कधी लागला नव्हता.

त्यानं फोन फळीवर ठेवला आणि झाडू घेतला. घर झाडलं. गादीवर धुतलेली चादर घातली. कुशाबाईच्या फोटोवरची धूळ पुसताना तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "सांगतो. आल्यावर सांगतो." मग तिघांचा भात टाकायला गेला आणि तिघांना किती तांदूळ लागतात ते त्याला आठवेना.

दिवस कलताना गाडी आली. सून माधवीनं वाकून नमस्कार केला. अजितनं गाईची चौकशी केली. गाय त्याला कधीच आवडत नव्हती.

"आबा, तुमाला लई एकटं वाटतंय का?" अजितनं भात कालवता कालवता विचारलं.

"भात मऊ झालाय," सावळाराम म्हणाला. "आनखी घे."

"शनिवारचं मी सगळं बघतो. रजा टाकलीया. आईचं व्यवस्थित करू."

सावळारामनं आता सांगायला हवं होतं. पण लेक जेवत होता, आणि जेवत्या माणसाला काय सांगायचं?

ताटं उचलल्यावर अजितनं विषय काढलाच. "कागद कुठं हायत आबा?"

"पोरांच्या घरी."

"घरी दिलं?" अजित चप्पल शोधायला लागला.

"अजित, थांब. ती चित्रं हायत."

"दादासाहेब म्हनलंच मला फोनवर, आबा चिमण्या म्हनतील म्हणून! चला."

तिघे सिंधुबाईच्या दारात गेले. तिनं कागद देव्हाऱ्यात ठेवला होता, वर हळदकुंकू वाहून. अजितनं हात जोडले. "काकी, एकदा बघू द्या. घेत न्हाय, नुसता बघतो." सिंधुबाईनं कागदाचं एक टोक सोडलं नाही, दुसरं त्याच्या हातात दिलं.

त्यानं सातबारा वाचला. मग कागद उलटा केला.

छत्री घेतलेली चिमणी. छत्रीला दांडा जरा वाकडा.

"ती माझी हाय," छकुली आजीच्या मागून म्हणाली. "तिला ऊन लागतंय."

सिंधुबाईनं कागद घेतला, उलटसुलट केला, परत उलटा केला. "म्हंजी नुसती चिमणी?"

"नुसती," सावळाराम म्हणाला.

"आन् ट्रॅक्टर?"

"त्योबी अंगठ्याचाच."

सिंधुबाईनं जरा विचार केला. "खिरीचं भांडं धुऊन द्या सकाळी," म्हणाली आणि आत गेली.

परत येऊन तिघे अंगणात बसले. माधवीनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की काय, अंधारात कळत नव्हतं. अजितनं गाडीकडं बघतच विचारलं.

"मी निघालो तवाच तुमाला म्हाईत हुतं ना, की लोकांचा गैरसमज झालाय?"

"व्हय."

"मग फोन का न्हाय केला?"

"केला असता तर तू फिरला असतास."

अजितला नाही म्हणता येईना. तो खाली बघूनच म्हणाला, "साहेबानं लगेच रजा दिली. जमिनीचं प्रकरण म्हटल्यावर एक शब्द न्हाय बोलला. सोमवारी या म्हणाला." आणि मग, "आईच्या श्राद्धाची रजा मी मागितलीच न्हवती आबा. मीच ठरवलं, मिळायची न्हाय म्हणून."

सावळारामकडं यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण माधवी उद्या भोपळ्याची भाजी करायची का असं विचारत होती, कुशाबाईला आवडायची ती, आणि एवढ्या दिवसांनी अंगणात कुणीतरी तिचं नाव काढलं होतं.

"चार दिवस हायस म्हंजी," तो एवढंच म्हणाला.

"हाय." अजितनं कपाळ चोळलं. "पण सोमवारी साहेब पयलं इचारंल, जमिनीचं काय झालं. काय सांगू त्याला?"

सावळारामनं विचार करायला वेळ घेतला नाही.

"सांग, बोलणी चालू हायत. दिवाळीला परत यावं लागंल."