'रद्द करा' सात वेळा

कोणी काय करू नये हे एकदा नीट ठरलं, की कार्यालय आपोआप चालतं. या कार्यालयात दोनशे अकरा संगणक होते आणि एकावरही कोणाला काही बदलता येत नसे. घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं तरी ते पुढे करण्याचा अधिकार फक्त 'प्रशासक' या खात्याला होता. त्याचा पासवर्ड वायरभाऊंकडे असे.

वायरभाऊ संगणक दुरुस्त करायचे. नऊ वर्षं तात्पुरते. त्यांना कायम करण्याची फाइल कार्यालयाच्या प्रमुख, मोठ्या बाईंच्या संगणकावर सहीसाठी पोचली होती. रोज डबा हातात देताना बायको विचारायची, "आज तरी होईल का हो सही?"

नेमकं त्याच आठवड्यात त्यांना संगणकांच्या सुरक्षेत एक भोक सापडलं. पडद्यावर प्रिंटरची खिडकी उघडून 'रद्द करा' सात वेळा दाबलं, की संगणक कंटाळून समोरच्याला प्रशासक करून टाकी. (माणसांच्या बाबतीत ही पद्धत जुनीच आहे.) कंपनीने दुरुस्ती पाठवली होती, ती बसवायला चार मिनिटं लागणार होती. वायरभाऊंनी आधी परवानगी मागितली. इथंच माशी शिंकली.

"म्हणजे कालचा कारकून आज प्रशासक?" मोठ्या बाई हादरल्या. "आणि ज्येष्ठतायादीचं काय?"

समिती बसली. तिचे निर्णय असे:

एक. भोक ज्याला दिसलं तोच संशयित. सबब वायरभाऊंचा पासवर्ड बदलून, नवा लिफाफ्यात घालून कपाटात ठेवावा. (कपाटाची किल्ली रजेवर गेली होती.)

दोन. दुरुस्ती नंतर करावी.

तीन. 'पुढील कृती कोणीही करू नये' असं परिपत्रक काढावं. नकळत कोणाच्या हातून घडू नये म्हणून कृती चित्रांसह, पायरीपायरीने द्यावी.

परिपत्रकापूर्वी ही कृती एका माणसाला येत होती. नंतर दोनशे चौदा जणांना येऊ लागली. (तिघं निवृत्त झालेले होते, पण प्रत त्यांनाही गेली.) दोन दिवसांत सगळं कार्यालय प्रशासक झालं. आवक विभागाने घड्याळं अर्धा तास पुढे केली आणि सगळे वेळेवर घरी जाऊ लागले. स्वागतकक्षातल्या ताईंनी आपल्या वरिष्ठांचं खातंच पुसलं. ते वरिष्ठांना चौथ्या दिवशी कळलं. मग शिस्तीला जागून प्रत्येकाने आपल्या कृतीची नोंद पुसली आणि 'मी असं केलेलं नाही' या रकान्यात सही केली.

साधे राहिले ते एकटे वायरभाऊ. परिपत्रक पाळणारं माणूस तेवढंच होतं.

सोमवारी मोठ्या बाईंचं खातं कोणीतरी 'पाहुणा' करून ठेवलं. पाहुण्याला सही करता येत नाही. वायरभाऊंची फाइल आतच होती.

"काहीही करा," बाई म्हणाल्या, "पण नियमात बसवून करा."

वायरभाऊ प्रिंटरच्या खिडकीसमोर बसले. 'रद्द करा' सात वेळा दाबलं. चार मिनिटांत दोनशे अकरा संगणक दुरुस्त झाले, घड्याळं मागे आली, बाई पुन्हा बाई झाल्या. नोंद तेवढी त्यांनी पुसली नाही. असलं खोटं त्यांना जमत नसे.

चौकशी झाली. परिपत्रकाचा भंग करणारे एकूण कर्मचारी: एक.

"काम तुमचं चांगलंच आहे हो," बाई मनापासून हळहळल्या, "पण नोंद आहे ना." आणि फाइलवर त्यांनी 'नंतर' असा शेरा मारला.

वायरभाऊ अजून तात्पुरते आहेत, आणि डबा देताना बायको आता काही विचारत नाही. तुम्हाला वाईट वाटलं, हे तुमच्या चांगुलपणाला धरूनच झालं. आता जरा स्वतःच्या पडद्याच्या कोपऱ्यात बघा. तिथे पंधरा दिवस एक चौकट ताटकळत उभी आहे: 'दुरुस्ती तयार आहे, चार मिनिटं लागतील.' खाली 'आता' आणि 'नंतर' अशी दोन बटणं आहेत, आणि तुम्ही रोज कोणतं दाबता ते मोठ्या बाईंना विचारायची गरज नाही.