इथंच लंडन चुकलं

जर्मनीतल्या आमच्या वोल्फ्सबुर्गच्या इमारतीत सबनीसकाकांना न विचारता चहा दिलात, तर तो गार होईपर्यंत अमेरिकेचा इतिहास ऐकावा लागतो.

"अहो, लंडननं लावलेला चहावरचा कर तसा मामुलीच," मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका बोट नाचवत, मध्येच जर्मन पेरत सांगतात. "पण वसाहतींना विचारलं कुणी? नाइन! कुणीच नाही! मग त्यांनी चहाच्या पेट्याच्या पेट्या बंदरात फेकल्या. आल्झो, इथंच लंडन चुकलं!"

हे लंडन रोज कुठं ना कुठं चुकतं. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरनं तळघराचं कुलूप परस्पर बदललं, लंडन चुकलं. मी मुलीला न विचारता पोहायच्या क्लासला घातलं, लंडन चुकलं. एकदा माझ्या बायकोनं आग्रहानं त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. "विचारून वाढावं, वहिनी," म्हणत काकांनी तिलाही लंडनला नेऊन बसवलं. ती अजून धुमसते आहे.

हा इतिहासाचा नाद त्यांना मैथिली गेल्यापासून लागला. मैथिली त्यांची एकुलती एक मुलगी, ड्रेस्डेनला संशोधन करते. काकांनी तिला न विचारता पुण्यात तिचं लग्न ठरवलं होतं. साखरपुड्याचं कार्यालयसुद्धा धरून ठेवलं होतं. ती घर सोडून गेली आणि बोलणंच संपलं.

गेल्या शनिवारी ती उरलेलं सामान न्यायला येणार होती. "तुम्ही या हो," काका मला म्हणाले. "तटस्थ राष्ट्र म्हणून."

मी गेलो तेव्हा त्यांनी तिच्या कपात चहा ओतून ठेवला होता. मग काय वाटलं कोण जाणे, तो त्यांनी परत भांड्यात ओतला. "आधी विचारायला हवं," ते पुटपुटले.

मैथिली आली, खोकी उचलून गाडीत ठेवून आली. निरोपाला दारात उभी राहिली, तेव्हा काकांनी कसंबसं विचारलं, "मैथिली, चहा घेशील?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "नाइन, डांके, बाबा."

गाडी वळून दिसेनाशी झाली. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"निदान विचारलंत तरी, काका," मी म्हटलं.

"लंडननंही शेवटी विचारलं होतं हो. स्वातंत्र्य सोडून मागाल ते देतो म्हणाले. पण तोवर तिकडं कुणाला दुसरं काही नको होतं."

त्यांनी गॅसवरचं भांडं उचललं आणि सगळा चहा सिंकमध्ये ओतून टाकला.