तीन मिनिटांतला पूर्वपक्ष

"बाबा, तुम्ही कशाला येताय?" मुलीने तिसऱ्यांदा विचारले.

"बाप तुझ्या बाजूने दोन शब्द बोलला तर बिघडतं काय?" मास्तर शर्टाला इस्त्री करत म्हणाले.

जनुक-संशोधनाच्या नव्या नियमांवर त्या दिवशी जाहीर सुनावणी होती. मुलीने जनुक बदलून चार वर्षे काचघरात वाढवलेला मका यंदा मोकळ्या शेतात लावायचा होता. नियम सैल झाले तर तिची संस्थाच परवानगी देऊ शकणार होती. नाहीतर पेरणीचा हंगाम हातचा जाणार होता.

बिघडले ते असे. मास्तरांनी तीस वर्षे शाळेत वादविवाद शिकवला होता, आणि त्यांची एक शिस्त होती: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, त्याच्याहून चांगली मांडायची, मग एकेक मुद्दा खोडून काढायचा. माइक हाती येताच त्यांनी नियम सैल करण्याविरुद्धचे चार मुद्दे अशा तडफेने मांडले की मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या.

"संशोधन करणार ती संस्था, परवानगी देणार तीच, तपासणारही तीच! मग चूक झाली तर सांगणार कोण?"

या तिसऱ्या मुद्द्याला टाळ्या थांबेनात. मास्तर "अहो, थांबा, पुढचं ऐका" म्हणत राहिले. चौथा मुद्दा जेमतेम संपला आणि घंटा वाजली.

"काका, तीन मिनिटं झाली," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. माइक बंद झाला.

"पण हे माझं मत नव्हेच!"

ते कुणालाच ऐकू गेले नाही. एका विरोधकाने त्यांना मिठी मारली. "स्वतःची मुलगी संशोधक असून बोललात, काका! मानलं तुम्हाला!" शेजारच्या वार्ताहराने हे तत्परतेने टिपून घेतले.

सकाळच्या वर्तमानपत्रात 'संशोधक कन्येविरुद्ध पित्याचा एल्गार' झळकला, आणि दुपारी सुनावणी घेणाऱ्या समितीने लोकभावनेचा मान राखून नियम सहा महिने पुढे ढकलले.

मुलगी जेवणाच्या टेबलावर ताटे मांडत होती. भांडली असती तर बरे, असे मास्तरांना वाटले.

"चुकलो गं. वर्गात घंटा माझ्याच हातात असायची."

"द्या ते भाषणाचे कागद. तुमची उत्तरं निदान मी तरी वाचते."

पहिले, दुसरे, चौथे. सगळी रेखीव अक्षरात होती.

"आणि तिसऱ्याचं? चूक सांगणार कोण, त्याचं?"

मास्तर उगाचच चष्मा पुसू लागले. "तिथं जागा सोडलीय. बोलता बोलता सुचेल, असं वाटलं होतं."

तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

"आमच्या परवानगीच्या अर्जातही तिथे असंच कोरं आहे, बाबा," ती हळूच म्हणाली.