जहाजावरची पंगत

"माय, जहाजात खायला देतात. पोटभर देतात. हे सगळं कशाला भरून राहिली?" भाईदास पाटील चौथ्यांदा म्हणाला आणि वच्छलाबाईंनी चौथ्यांदा ऐकलं नाही. धुळ्यातल्या देवपूरच्या घरात, ओट्यावर उघड्या पडलेल्या बॅगेत त्या दशम्यांची थप्पी बसवत होत्या. दशम्यांच्या शेजारी रव्याचे लाडू, लाडवांवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा, आणि बिबड्या फुटू नयेत म्हणून चहूबाजूंनी भाईदासचे नवे कोरे शर्ट.

भाईदासचं आग्रा रोडला विहिरीवरच्या मोटारींचं दुकान. त्या साली त्याने इतक्या मोटारी खपवल्या की कंपनी खूश झाली आणि तिने त्याला बायको-मुलांसह सिंगापूरला धाडायचं ठरवलं. तिथून पुढे एका मोठ्या जहाजावर समुद्राची सैर. पाणी लागत नाही म्हणून मोटारी घेणाऱ्या गावांच्या जिवावर आपण एवढ्या पाण्यात चाललो, याची भाईदासला जराशी लाजही वाटत होती. आईला मागे ठेवणं त्याला जमलं नाही. तिचं तिकीट त्याने पदरचं काढलं.

ही बातमी कळली तेव्हा त्याची बायको कोकिळा पोळ्या लाटत होती. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "बरं झालं. आत्याबाईंना मागे कसं ठेवायचं?" पण त्या पोळीला कोपरे आले होते.

कोकिळाचं दुःख असं की तिला दुःखच नव्हतं. सासू भली, दीर-जाऊ भले, नवरा साधा, हर्षल आणि चेतना ही दोन मुलं गुणी. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याशेजारी दिवसाउजेडी तासभर निवांत बसणं काही तिच्या नशिबी आलं नव्हतं. एकदा दोघं सिनेमाला निघाली, तर थेटरात पोचेपर्यंत सातजण झाली होती. जहाजाच्या माहितीपत्रकात तिने एक चित्र पाहिलं होतं. दोन खुर्च्या, मध्ये चहा, समोर समुद्र. त्या खुर्च्यांत बसून बोलायचं काय, हे तिने ठरवलेलं नव्हतं. पण बसायचं, हे मात्र पक्कं ठरवलं होतं.

जहाज समुद्राला लागलं. वच्छलाबाईंनी कठड्याशी जाऊन खाली पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "भाईदास, तुन्ह्या बठ्ठ्या मोटारी लाव. हाई पानी काही आटाव नही."

जहाजावर मुलांसाठी एक क्लब होता. सकाळी आई-बापांनी मुलांना तिथे नेऊन सोडायचं, वहीत सही करायची, मुलाच्या मनगटाला रंगीत पट्टा बांधला जायचा आणि आई-बापांच्या हाती एक कार्ड. कार्ड दाखवून, सही करून मूल परत न्यायचं. मध्ये दिवसभर खेळ, चित्रं, गाणी. हे ऐकल्यावर कोकिळाला देवच पावला. तिने मुलांचे केस विंचरले, पावडर लावली आणि दोघांना घेऊन निघाली. मागोमाग वच्छलाबाई.

क्लब सांभाळणारी मुलगी फिलिपिन्सची. नाव मारिसेल. चणीने इतकी लहान की लांबून तीही एक मूलच वाटावी. तिने हसून हर्षलचा हात धरला आणि वच्छलाबाईंनी दुसरा.

"परकी बाईना हातमा पोरे सोपीसन तुम्ही फिराले जाशात?" त्यांनी सुनेला विचारलं.

"अहो आत्याबाई, सगळेच देतात इथे."

"देऊ दे. मी आठेच बसस."

आणि त्या क्लबच्या दारात मांडी घालून बसल्या. सासू दारात जमिनीवर बसलेली असताना सून खुर्चीत बसून चहा कशी पिणार? कोकिळा त्यांच्या शेजारी बसली. बायको आणि आई खाली बसलेल्या पाहून भाईदासही टेकला. मुलं आत खेळत राहिली आणि पाटलांचं बाकीचं कुटुंब समुद्राकडे पाठ करून दिवसभर त्या दारात बसलं. येणारेजाणारे त्यांना ओलांडताना "सॉरी, सॉरी" म्हणत होते आणि भाईदास प्रत्येकाला "वेलकम" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मारिसेलनेच वच्छलाबाईंना हाताला धरून आत नेलं आणि एका बुटक्या खुर्चीवर बसवलं. तिथून त्यांनी जे पाहिलं, त्याने त्या थक्क झाल्या. आत दहा मुलखांची पोरं. एकाची भाषा दुसऱ्याला येईना. एकजण रडतोय, दोघं एका चेंडूवरून भांडताहेत, तिसरी रंग खाते आहे. आपल्याकडे एवढ्यात दोन-तीन धपाटे होऊन गेले असते. ही पोरगी मात्र गुडघ्यांवर बसून रडणाऱ्याच्या डोळ्यांना डोळे भिडवून काहीतरी पुटपुटली आणि तो हसला. भांडणाऱ्या दोघांना तिने चेंडू राखायचं काम दिलं, तर ते दोघे एकमेकांचे दोस्त झाले. बाहेर न्यायचं तर तिच्याकडे एक लांब दोरी होती. दोरीला जागोजागी कड्या. तिने दोरी उचलून टाळी वाजवली की प्रत्येक पोर येऊन आपली कडी धरी आणि सगळी रांग मुकाट्याने तिच्यामागे चाले.

वच्छलाबाई काही ऐऱ्यागैऱ्या परीक्षक नव्हत्या. पाटलांच्या भाऊबंदकीत कुठेही लग्न असो, एक खातं कायम त्यांच्याकडे असे. पोरांची पंगत. मोठ्यांच्या पंगतीआधी मांडवातली यच्चयावत पोरं, कुणाचीही असोत, गोळा करायची, बसवायची आणि पोटभर वाढून मोकळी करायची. पोर कुणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती. पोर भुकेलं आहे, एवढं पुरे. या कामातली अवघड जागा त्यांना ठाऊक होती, म्हणूनच मारिसेलची किंमत त्यांना कळली.

दारात अवघडून उभ्या असलेल्या सुनेला त्या म्हणाल्या, "तिन्हा आवाज चढस नही, हात उठस नही, तरी बठ्ठा पोरे आयकतस. हाई पोरगी हुशार शे भो! तू जाय. भाईदासले भी लई जा."

कोकिळा पळालीच. खुर्च्या सापडल्या, चहा आला, समोर समुद्रही होता. भाईदासने कपबशी उचलली आणि घसा साफ केला. काही बोलणार, तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला. भाईदासचं इंग्रजी मोटारींच्या माहितीपत्रकावर पोसलेलं. त्याला "चिल्ड्रन" कळलं आणि "इमिजिएटली" कळलं. तेवढं पुरेसं होतं. चहा तसाच टाकून दोघं धावत सुटली.

झालं होतं ते असं. दुपारी मुलांचं खाणं आलं. गार, चौकोनी, कडा कापलेले पाव. वच्छलाबाईंनी एक चाखून पाहिला आणि त्यांचं काळीज तुटलं. लेकरांना हे द्यायचं? मारिसेलची जोडीदारीण जेवायला गेली होती आणि मारिसेल रंगाने माखलेल्या एका पोराला आतल्या मोरीत धूत होती. वच्छलाबाईंनी खुंटीवरची दोरी काढली, टाळी वाजवली आणि हाक दिली, "चला रे पोरेस्वन! पंगत बसनी!"

शब्द कुणाला कळले नाहीत, पण दोरी आणि टाळी सगळ्यांना कळली. मारिसेलने लावलेली शिस्त इतकी पक्की की प्रत्येकाने आपापली कडी धरली. दाराची कडी मुलांचा हात पुरू नये म्हणून उंचावर बसवलेली होती. वच्छलाबाईंचा हात पुरला. मारिसेल धुतलेलं पोर घेऊन बाहेर आली, तेव्हा खोलीत फक्त चेंडू उरला होता.

आता जहाजभर हलकल्लोळ माजला. चिनी आया, गोरे बाप, पोहता पोहता तसेच आलेले ओलेचिंब काका, सगळे जिने चढत-उतरत होते. समुद्रावर पोरं हरवली म्हणजे काय, या विचाराने जो तो कठड्यावरून खाली बघत होता. आपण चहाला बसलो म्हणून हे झालं, असं कोकिळाच्या मनाने लगेच ठरवून टाकलं. "मला कशाला सुचलं हो खुर्चीत बसायचं?" ती धावता धावता रडत म्हणाली.

जहाजाच्या मागच्या बाजूला, सावलीत, पोरं सापडली. समोरासमोर दोन रांगा, सगळी मांडी घालून बसलेली. प्रत्येकापुढे कागदी रुमाल, त्यावर वाटेत खोलीतल्या बॅगेतून उचलून आणलेली दशमी, लाडू आणि बिबडी. वच्छलाबाई पदर खोचून रांगांमधून फिरत होत्या. "घे रे बाळ, लाजू नको." आणि पोरं लाजत नव्हती. बिबड्यांचा कडकड आवाज लाटांच्या वर ऐकू येत होता. चेतना आजीच्या हाताखाली पाणी वाढत होती.

एक चिनी बाप रागाने लालबुंद होऊन पुढे सरसावला. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरून मागे ओढलं आणि बोटाने दाखवलं. जहाजावर आल्यापासून अन्नाला न शिवलेला त्यांचा मुलगा दुसरी दशमी संपवून तिसरीसाठी हात पुढे करत होता. बाप तसाच उभा राहिला.

"उभा काब्र भाऊ?" वच्छलाबाई त्याला म्हणाल्या. "पोरेस्नी पंगत उठू दे, मंग तुम्हनीच."

एवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक उंच अधिकारी आला आणि त्याच्यामागे मारिसेल. अधिकाऱ्याने आधी डोकी मोजली, ती भरली, आणि मग तो मारिसेलकडे वळला. आवाज चढवला नाही, पण त्याचं एकेक वाक्य ऐकताना मारिसेलचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हाती दिलं. तिची नोकरी चालली होती. हे समजायला वच्छलाबाईंना इंग्रजीची गरज पडली नाही.

"भाईदास, हाऊ काय बोली राहिना तिले?"

"माय, तू आता काही बोलू नको."

"त्याले सांग, तिन्हा काहीच गुन्हा नही. पोरे मी लई उनू. जे करनं ते माले कर. माले उतारी दे."

"समुद्रात कुठं उतरवतील, माय?"

"तू सांग तर!"

भाईदासने कपाळावरचा घाम पुसला आणि आयुष्यातलं सर्वांत अवघड भाषण केलं. "सर, गर्ल नो मिस्टेक. मदर मिस्टेक. मदर व्हेरी सॉरी." मग मागे वळून आईकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सुधारलं, "मदर नॉट सॉरी. आय सॉरी."

कुणीतरी हसलं. वच्छलाबाई तोवर मारिसेलच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते ओळखपत्र अधिकाऱ्याच्या हातून काढून घेतलं आणि पुन्हा तिच्या गळ्यात घातलं, वर तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पोरांच्या आया पुढे आल्या. तिसरी दशमी खाणाऱ्याची आई सर्वांत मोठ्याने बोलत होती. ती काय म्हणाली ते पाटलांना कळलं नाही, पण अधिकारी नरमला.

तरी नियम तो नियम. ही म्हातारी उद्या पुन्हा दोरी उचलणार नाही कशावरून, असं त्याने विचारलं. यावर भाईदासलाही खात्री देता येईना. तेव्हा मारिसेलने डोळे पुसत एक तोड सुचवली. क्लबात नाव घातलेल्या कुणालाही पालकाच्या सहीशिवाय दाराबाहेर पडता येत नाही. मग आजींचंच नाव घालू या.

अधिकारी पहिल्यांदा हसला. वच्छलाबाईंना विचारलं तर त्या लगेच तयार! मारिसेलने त्यांच्या हातातल्या बांगड्यांच्या मागे पिवळा पट्टा बांधला. मग विचारलं, पालक कोण? भाईदास पुढे झाला.

"त्यानं नाव नको," वच्छलाबाई म्हणाल्या. "तो भाजीनी पिशवी बजारमा इसरी येस. सूननं लाव."

कोकिळाच्या हातात कार्ड आलं. माहेरी जायचं तरी जिला आधी सासूपुढे उभं राहून "जाऊ का?" विचारावं लागे, ती त्या कार्डाकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने हर्षलची सही केली, चेतनाची केली आणि मग सासूबाईंचीही केली. "मी चारला येते हं, आत्याबाई," ती म्हणाली. वच्छलाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या रंगाची डबी उघडत होत्या.

दोन खुर्च्या, मध्ये चहा, समोर समुद्र. भाईदासने आधी बशीभर चहा प्यायला. मग भाईदासने सांगितलं, की तिला बघायला गेला होता तेव्हाचे पोहे फार खारट होते आणि त्याने भीतीने सगळे संपवले होते. कोकिळा म्हणाली, ते तिने केलेच नव्हते. मग दोघं जी हसली, ती हसतच राहिली. आपला नवरा इतका बोलतो, हे कोकिळाला ठाऊकच नव्हतं, आणि तो बोलताना किती छान दिसतो हेही.

चार कधी वाजून गेले, कळलं नाही. भाईदास दचकून उठला. "अगं, माय वाट बघत असेल!"

"बसा हो," कोकिळा म्हणाली. "सही माझी आहे."

म्हणाली खरी, पण लगेच तिला धसका बसला. सासूला कोंडून आपण इथे खिदळतोय? भाईदासला तिथेच बसवून ती पदर सावरत क्लबाकडे पळाली. वाटेत काय काय माफी मागायची ते मनात घोकलं. दारात पोचली तर मारिसेलने हसत वही आणि पेन पुढे केलं.

आत सगळी पोरं गोल करून बसली होती. त्यांच्यात वच्छलाबाई. कपाळावर गोंदण होतं आणि गालांवर मांजरीच्या मिशा. त्यांनी सुनेला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोकिळा, इतली लवकर काब्र उनी वं? आजून मन्हा डाव नही उना."

कोकिळाने सही न करताच वही मिटली. मग तिने पेन मारिसेलला परत दिलं आणि डेकवर जाऊन भाईदासला म्हणाली, "आणखी एक चहा सांगा. आत्याबाईंचा डाव यायचाय."