गुरुजींची ओ

आमचे शेजारी गुरुजी आभाळाला ओ देतात. चेष्टा नाही. त्यांचा मोबाईल टिंग करतो, गुरुजी तरातरा जिना चढतात आणि गच्चीवर मान वर करून ओरडतात, "ओऽऽ!"

आमच्या सुलतानपुरात दिवेलागणीनंतर एकदाच आलेल्या हाकेला कोणी ओ देत नाही. माणूस पुन्हा हाक मारतो, भूत एकदाच. हे शेंबडं पोरही सांगेल. गुरुजींना सांगितलं तर उलट मलाच म्हणाले, "भाऊ, भूत असो नाही तर अजून कोणी, हाक मारली ना त्यानं? मंग ओ द्या लागते."

हाक म्हणजे काय, तर आकाशगंगेच्याही पलीकडून रेडिओचा एक फटकारा येतो. पापणी लवायच्या आत खलास. मोठमोठ्या अँटेनांच्या तबकड्यांना तो ऐकू येतो आणि बातमी गुरुजींच्या मोबाईलवर पडते. पण त्याच्यासोबत उजेड चमकतो का, ते म्हणे अजून कोणालाच दिसलं नाही. मेहकरच्या शाळेतून रिटायर झाल्यापासून गुरुजी दुर्बीण घेऊन त्या उजेडाच्या मागे लागलेत.

मी चौथी नापास. विचारलं, "नसंलच उजेड तर?"

"घरातून हाक आली म्हणजे घरात दिवा असंलच, भाऊ!" हे त्यांचं पालुपद.

त्यांच्या स्वतःच्या घरात कोणी नाही. लग्नच केलं नाही. माझी बायको होती तोवर रोज संध्याकाळी ओसरीतला बल्ब लावायची आणि कुंपणावरून ओरडायची, "गुरुजी, चहा!" तीही एकदाच. गुरुजी ओ देत येत.

उन्हाळ्यात ती गेली. आता बल्ब मी लावतो, तो सकाळपर्यंत जळतो. कोणी बोललं तर सांगतो, बल्ब माझा, बायको माझी, तुझं काय जळते?

यंदा गुरुजींनी गल्लीत फर्मान काढलं. बाहेरचे दिवे बंद करा, त्यांच्या उजेडात आभाळातलं काहीच दिसून नाही राह्यलं. गल्ली हसली. किराणावाला म्हणाला, "पहिले बुढ्याचा बल्ब बंद करा, गुरुजी. तुमच्या भिताडालेच लागून हाये. त्यानं विझवला का आम्ही विझवतो."

गुरुजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला कळलं ते तंबाखू घेताना, त्याच किराणावाल्याकडून. "बुढेबुवा, तुमच्यापायी गुरुजीची दुर्बीण आंधळी झाली."

डोकं फिरलं. घरी आलो, नुकताच लावलेला बल्ब खटकन बंद केला.

गच्चीवरून आरोळी आली, "काऊन बंद केला बे?"

जन्मात मला बे म्हणाले नव्हते.

"तुमच्या दुर्बिणीसाठी!"

"चुलीत गेली दुर्बीण! लावा तो!" मग आवाज नरमला. "वहिनी त्याच उजेडात उभ्या राहून हाक मारत होत्या, भाऊ."

लावला. काठी घेतली आणि गल्लीत निघालो. किराणावाल्यापासून सुरुवात.

"बल्ब बंद कर."

"अन् तुमचा?"

"माझा जळणार."

"हा कोणता न्याय, बुढेबुवा?"

"माझा. कर बंद."

कोणी कुरकुरलं, कोणी शिव्या घातल्या, पण एकेक दिवा विझला. सगळ्या गल्लीत माझा एकटा बल्ब उरला. त्याच्या खाली उभा राहिलो. चहा मला करता येत नाही. तरी कुंपणावरून ओरडलो, "गुरुजी, चहा!"

एकदाच.

मोबाईल वाजला नव्हता. तरी गच्चीवरून आलं, "ओऽऽ!"